दहा मिनिटांनी बंद पडणारा मॉवर आणि टाकीतला कचरा

मॉवर पहिल्या-दुसऱ्या दोरीला सुरू होतो, लॉनच्या दोन पट्ट्या नीट कापतो आणि मग आवाज पातळ होत होत बंद पडतो. पाच मिनिटं थांबून पुन्हा दोरी ओढली की पुन्हा चालू. मेकॅनिक येतो, कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) उघडतो, ‘कचरा आला होता’ म्हणतो, हवा मारून बसवून जातो. आठ-पंधरा दिवसांनी तेच. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्या घ्या, नाहीतर नेरूळ-खारघरच्या, पावसाळा संपून ऑक्टोबरात मशीन बाहेर निघालं की हीच तक्रार.

मेकॅनिकचं निदान चुकलेलं नसतं. कचरा खरंच असतो. पण तो कार्बोरेटरमध्ये तयार होत नाही, वरच्या टाकीतून येतो. टाकी तशीच ठेवून फक्त कार्बोरेटर धुणं म्हणजे गच्चीवरची टाकी न धुता रोज नळाची जाळी साफ करत बसणं.

थांबून पुन्हा चालू होण्याचं कारण सोपं आहे. टाकीच्या तळाला बाहेर जाणारं छिद्र असतं, आतून बहुतेक वेळा एक बारीक जाळी. पेट्रोल वाहू लागलं की पालापाचोळ्याचे कण ओढीने त्या जाळीवर येऊन बसतात आणि वाट बंद होते. इंजिन थांबलं की ओढ संपते, कण सुटून बाजूला तरंगतात, वाट मोकळी होते. तासाला साधारण एक लिटर पेट्रोल लागणारं हे इंजिन, म्हणजे मिनिटाला सोळा-सतरा मिलि. एवढीशी धारसुद्धा अडायला नखाएवढा गवताचा पापुद्रा पुरतो.

टाकी खोलण्याआधी एक परीक्षा मात्र करा, कारण अगदी हीच लक्षणं झाकणामुळेही दिसतात. झाकणाला हवा आत जायला बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं तर पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि धार थांबते. मशीन बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि मशीन लगेच चालू होऊन नीट चालत राहिलं, तर दोष झाकणाचा. साबणाच्या पाण्याने धुवा, टाचणीने छिद्र मोकळं करा, तोंडाने फुंकून हवा जाते का ते बघा आणि वाळवून लावा. टाकी खोलायची गरज नाही. झाकण सैल करूनही फरक पडला नाही तर पुढे वाचा.

जागा आणि तयारी

सोसायटीत मॉवर ठेवायची ठरलेली जागा म्हणजे पंपरूम, मीटररूमशेजारचा कोपरा किंवा जिन्याखालची पोकळी. या तिन्ही ठिकाणी हे काम अजिबात करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि बंद जागेत साचून राहते. पंपाचा ऑटो-स्टार्टर आपोआप चालू होताना आत ठिणगी पडते, आणि तो कधी चालू होईल हे आपल्या हातात नसतं. स्टिल्ट पार्किंगही नको. मशीन मोकळ्या हवेत, सावलीत, सिमेंटच्या किंवा पेव्हर ब्लॉकच्या जागेवर आणा. हिरवळीवर नको, सांडलेल्या पेट्रोलने गवत जळून टक्कल पडतं. इंजिन पूर्ण थंड हवं. स्पार्क प्लगची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची, कॅप काढून बाजूला वळवून ठेवा. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

सामान फार लागत नाही. आठचा आणि दहाचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, नायट्राइलचे हातमोजे, रुंद तोंडाची काचेची बरणी, मेडिकलच्या दुकानातली ५० मिलिची सुईविना सिरिंज, तिला बसेल अशी फूटभर मऊ नळी, चहाची जुनी गाळणी, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीचा तुकडा आणि अर्धा-पाऊण लिटर ताजं पेट्रोल. शिवाय इंधनाची नवी नळी आणि नवा फिल्टर आधीच आणून ठेवा. जुनं निघालं की ते परत बसवायचा मोह होतो.

आधी बाहेरून

सगळ्यात जास्त घाई इथे होते. झाकणाच्या भोवतीच्या खाचेत कापलेल्या गवताचा आणि धुळीचा थर चिकटलेला असतो. तसंच झाकण फिरवलं की तो थर सरळ टाकीत पडतो. खरं तर टाकीतला बराचसा कचरा असाच, पेट्रोल भरताना आलेला असतो. म्हणून आधी रंगाच्या जुन्या ब्रशने कोरडा कचरा झाडा, मग ओल्या फडक्याने झाकण, टाकीची वरची बाजू आणि स्टार्टरचं कव्हर पुसा. पुसलेलं वाळू द्या. मगच झाकण उघडा.

पेट्रोल काढायला मशीन आडवं करू नका. चुकीच्या बाजूला कललं तर क्रँककेसमधलं (इंजिनाच्या खालच्या पेटीतलं) ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि एका कामाची दोन कामं होतात. वरून सिरिंज आणि नळीने पेट्रोल ओढून बरणीत सोडा. नळीचं टोक तळावर फिरवलंत तर बराच कचराही त्याच्याबरोबर येतो. टाकी न काढता करायची ही अर्धी सफाई आहे. कचरा हलका असेल तर तेवढ्यानेही काम भागतं.

बरणी पंधरा मिनिटं हलवू नका. मग उजेडासमोर धरा. तळाशी वेगळा थर दिसला, मध्ये स्पष्ट रेघ दिसली, तर पाणी शिरलंय. आता पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलाव्याला तोटा नाही. थोडं पाणी ते मिश्रण धरून ठेवतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही एकत्र खाली बसतात. म्हणून खालचा थर आत शिरलेल्या पाण्यापेक्षा जाड दिसतो. असं पेट्रोल गाळून परत वापरू नका. वरचा भागही आता पूर्वीचा राहिलेला नसतो, त्यातलं इथेनॉल निघून गेलेलं असतं.

टाकी काढणं आणि निपलची काळजी

बहुतेक मॉवरवर टाकी दोन किंवा तीन बोल्टांवर असते. काही मॉडेलमध्ये त्यातला एक बोल्ट स्टार्टरच्या कव्हरखाली असतो. कव्हर काढण्याआधी फोटो काढून ठेवा, वॉशर आणि स्पेसर कुठे होते ते नंतर आठवत नाही. खाडीजवळच्या हवेत हे बोल्ट गंजून बसतात. जोर लावण्याआधी गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा.

आता नळी. टाकीच्या तळाला नळी जिथे चढवलेली असते तो प्लास्टिकचा छोटा तोटीसारखा भाग म्हणजे निपल. तो टाकीच्याच प्लास्टिकचा असतो, भिंत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. वर्षानुवर्षं बसलेली नळी त्याला चिकटलेली असते. पक्कडीने धरून पिळली, ओढली, की नळी निघते, पण निपलसकट. तुटलेलं निपल चिकटवायचं काही साधन नाही. टाकी पॉलिइथिलीनची असते, त्यावर एपॉक्सी, एमसील, फेविक्विक यातलं काहीच धरत नाही. आज चिकटल्यासारखं वाटतं, पेट्रोल लागलं की पापुद्र्यासारखं सुटतं. त्या मशीनवर गरम सायलेन्सर काही बोटांवर असतो, त्यामुळे ‘सध्या चालतंय ना’ हा विचार इथे धोक्याचा आहे.

म्हणून क्लिप मागे सरकवा आणि नळी ओढू नका, कापा. धारदार ब्लेडने नळीवर लांबीच्या दिशेने, निपलला धार न लागता, वरवर चीर द्या, मग ती केळीच्या सालीसारखी उलगडून काढा. दहा-पंधरा मिनिटं जातील. नवी नळी काही रुपयांची आहे, टाकी मागवायची तर आठवडा जातो.

धुताना दिशा महत्त्वाची

टाकी हातात आली की निपल बोटाने किंवा रबरी बुचाने बंद करा. टाकीत १०० ते १५० मिलि ताजं पेट्रोल घाला, झाकण लावा, अर्धा मिनिट गोल फिरवत खळबळा आणि लगेच, कचरा तळाला बसायच्या आत, भरायच्या तोंडातून उलटी करून गाळणीवर ओता. गाळणीत मलमलीचा तुकडा घातलेला हवा. निपलमधून ओतायचं नाही. तिथून ओतलंत तर सगळा कचरा आतल्या जाळीवर जाऊन दाबून बसतो, आणि तीच तर मोकळी करायची आहे. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं, सहसा तीन-चार वेळा.

जाळी उलट्या दिशेने धुवायची. सिरिंजमध्ये पेट्रोल भरा, नळीचा तुकडा निपलवर चढवा आणि बाहेरून आत हळूहळू दाबा. अडकलेला कचरा सुटून टाकीत पडतो, तो पुन्हा तोंडातून ओता. जाळी तारेने टोचू नका. ती प्लास्टिकची असते, एकदा फाटली की तिचा उपयोग संपला. कंप्रेसरची हवाही नको. टाकीत पेट्रोलची वाफ असताना जोराची हवा मारणं म्हणजे उडणारा फवारा आणि स्थिर वीज दोन्ही एकत्र. त्यातून पातळ टाकीचा सांधा उकलतो तो वेगळाच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते.

जुन्या पेट्रोलचा पिवळट-तपकिरी डिंकासारखा थर पेट्रोलने निघाला नाही तर टाकी दोन-तीन तास उघड्या हवेत तोंड खाली करून ठेवा, वास जवळपास जाईपर्यंत. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा भांड्यांचं लिक्विड घालून तासभर भिजत ठेवा आणि बाटली घासायच्या नायलॉनच्या ब्रशने आतून घासा. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं. उकळतं पाणी घातलं तर टाकी थोडी वाकते आणि मग बोल्टांची भोकं जुळत नाहीत. लोखंडी टाकीत नट-बोल्ट किंवा खडी घालून हलवायची पद्धत आहे, ती इथे वापरू नका. प्लास्टिक खरवडलं जातं आणि त्याचाच नवा कचरा तयार होतो. तांदूळही नकोत. एखादा दाणा आतल्या कोपऱ्यात राहतोच आणि नेमका छिद्रावर येऊन बसतो. थिनरने थर चटकन निघतो हे खरं, पण झाकणाचं रबर आणि नळी फुगते.

साबण गेला की स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा आणि टाकी कोरडी होऊ द्या. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस, तोंड खाली करून. घाई असेल तर ५० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवून ओतून टाका, उरलेलं पाणी ते घेऊन जातं. शेवटी ५० मिलि पेट्रोलने एकदा खळबळा. हेअर ड्रायर किंवा हीट गन जवळ आणू नका.

फडक्यावर काय उरलं ते बघा

पहिल्या धुण्याचं मलमलीचं फडकं फेकू नका. ते पांढऱ्या कागदावर पसरून वाळवा आणि नीट बघा. कचरा कुठून आला ते तोच सांगतो.

हिरवट-तपकिरी तंतू, सपाट पापुद्रे: कापलेलं गवत, म्हणजे झाकण न पुसता पेट्रोल भरलं जातंय. करड्या रंगाचे, बोटात चुरचुरणारे कण: रस्त्याची आणि बांधकामाची धूळ, तीही त्याच वाटेने आलेली. काळे मऊ ठिपके, जे बोटांत चोळल्यावर काजळासारखी रेघ ओढतात: रबर. झाकणाचं वॉशर किंवा पेट्रोल ओतायची नळी आतून विरघळत चालली आहे, इथेनॉलने जुनं रबर असं सुटतं. काचेसारखे पिवळट कपचे, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबट वास: पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं होतं. वळलेल्या पांढऱ्या सळ्या: झाकणाचे आटे झिजताहेत.

आणि तांबूस-तपकिरी दाणे. प्लास्टिकच्या टाकीला गंज लागत नाही, तरी हे दाणे खूप टाक्यांत सापडतात. फडक्याखालून चुंबक फिरवा. दाणे त्याच्यामागे सरकले तर ते नक्की लोखंडाचे. न सरकले तरी गंज असू शकतो, सगळा गंज चुंबकाला ओढला जात नाही. हा गंज डब्यातून येतो. बहुतेक पंपांवर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, ते योग्यच आहे. म्हणून सोसायटीत एक लोखंडी कॅन असतो. तो पंपरूममध्ये अर्धा रिकामा, कधी झाकण सैल, असा चार महिने पडून राहतो. आत ओलावा साचतो, तळ गंजतो, आणि पुढच्या वेळी ओततानाचा शेवटचा घोट तो सगळा गंज घेऊन टाकीत उतरतो. कॅन आतून टॉर्चने बघा. तळाशी लाली दिसली तर कॅन बदला. टाकी कितीही धुतली तरी हा गंजका डबा आहे तोवर कचरा येत राहणार.

परत बसवताना

बसवण्याआधी टाकी बाहेरून टॉर्च लावून तपासा. प्लास्टिक अर्धपारदर्शक असतं, सांध्यातली चीर उजेडात केसासारखी रेघ म्हणून दिसते. बोल्टांच्या कानांजवळ विशेष बघा, थरथरीने तिथेच तडा जातो. चीर असेल तर टाकी नवीनच घ्या.

नळी इंधनासाठीची, आतून पाव इंची, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर, आणि इथेनॉलच्या पेट्रोलला चालेल अशी मागा. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक लेव्हल पाइप स्वस्त मिळते आणि आत पेट्रोल दिसतं म्हणून आवडते, पण ती पेट्रोलने कडक होते, आखडते आणि निपलवरून सुटते. नळी निपलवर दीड-दोन सेंटिमीटर चढवा, क्लिप टोकापासून तीन-चार मिलिमीटर आत. फिल्टरवर बाण असतो, तो कार्बोरेटरकडे. फिल्टर मॉवरचाच घ्या, साधारण ७५ ते १५० मायक्रॉन जाळीचा. गाडीचा कागदी फिल्टर पंपाच्या दाबावर चालण्यासाठी असतो. इथे पेट्रोल फक्त वजनाने उतरतं, त्यामुळे तो स्वतःच अडथळा बनतो. नळीला पीळ नको, सायलेन्सरला स्पर्श नको.

प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक’ असा हलका ठोका जाणवतो, तेव्हा जुने आटे जुळलेले असतात. तिथून सुलटा फिरवा आणि हाताला अडला की थांबा.

नळीचं दुसरं टोक कार्बोरेटरला लावण्याआधी धारेची परीक्षा घ्या. टाकीत २०० मिलि पेट्रोल घालून झाकण लावा, नळी बरणीत सोडा. मिनिटाभरात शंभर मिलिच्या आसपास यायला हवं. धार सुरुवातीला जाड आणि मग बारीक होत गेली तर कचरा अजून आत आहे, पुन्हा धुवा. बारीक झाली आणि झाकण सैल करताच वाढली तर झाकणाचं छिद्र.

कार्बोरेटरची वाटी आता तरी उघडावीच लागेल, आधी गेलेला कचरा तिथे बसलेला असतो. खालचा दहाचा बोल्ट काढला की वाटी निघते. तळाशी पांढरी पूड दिसली तर ती पाण्याने ॲल्युमिनियम खाल्ल्याची खूण. मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीचं, छिद्र मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यात पोलादी तार घालू नका, वायरमधली तांब्याची एक बट किंवा ब्रशचं नायलॉनचं केस पुरतं. छिद्र थोडं जरी रुंदावलं तर मशीन कायमचं जास्त पेट्रोल पिऊ लागतं.

सगळं जोडल्यावर मशीनखाली वर्तमानपत्र पसरून दहा मिनिटं थांबा. ओला डाग नसेल तरच प्लगची कॅप लावा. मग जागेवरच पंधरा मिनिटं चालवा, कारण जुना त्रास दहाव्या मिनिटाला येत होता.

माळीकाकांकडे ब्रश कटरही (गवत-झुडपं कापायचं हातातलं यंत्र) असेल तर त्याची टाकी याच पद्धतीने धुता येते. फरक एवढाच की त्यात फिल्टर टाकीच्या आत, नळीच्या टोकाला लोंबता असतो. तारेचा आकडा करून तो तोंडातून बाहेर ओढा आणि नवा लावा. टू-स्ट्रोक कटर असेल तर धुवायला साधं पेट्रोल चालेल, पण शेवटी भरताना ऑइलचं मिश्रणच. पुस्तिकेत ४०:१ लिहिलं असेल तर लिटरला २५ मिलि, ५०:१ असेल तर २० मिलि.

घाण पेट्रोलचं काय

गटारात ओतू नका. नवी मुंबईतली पावसाळी गटारं धारणतलावांतून (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांतून) खाडीत जातात, ठाण्यातले नालेही खाडीलाच मिळतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि ते पक्षी त्याच चिखलात चोच घालून खातात. धुतलेलं पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात एक दिवस बसू द्या. वरचं नितळ पेट्रोल ओळखीच्या गॅरेजमध्ये सुटे भाग धुवायला आनंदाने घेतात. तळचा गाळ आणि पाण्याचा थरही त्यांच्याच जुन्या ऑइलच्या पिंपात द्यावा. फडकी दोरीवर मोकळ्या हवेत पूर्ण वाळल्यावरच कचऱ्यात टाका, ओली गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका.

यापुढे पेट्रोल महिनाभर पुरेल इतकंच आणा आणि कॅनवर तारीख लिहा. भरताना बारीक जाळीचं नरसाळं वापरा, आणि कॅनमधला शेवटचा बोटभर थर टाकीत न ओतता कॅनमध्येच ठेवा. मशीन महिन्याहून जास्त बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीतलं पेट्रोलही संपेल. लोखंडी टाकी गंजू नये म्हणून भरून ठेवतात. प्लास्टिकच्या टाकीला ती भीती नाही, तिला रिकामी आणि कोरडीच ठेवा, झाकण लावून.